धारेच्या पॉलिशची वडी आणि तिच्यावर न छापलेला मजकूर

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

घरच्या सुऱ्या-चाकूंना दगडावर धार कशी लावावी, हे सांगणारा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत नुकताच वाचला. दगड किती वेळ भिजवावा, पाते कोणत्या कोनात धरावे, दोन्ही बाजू सारख्या कशा घासाव्यात, हे सर्व त्यात नीट आले आहे. मात्र लेखाच्या शेवटी ‘नंतर चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी वडी लावून पॉलिश करावे’ एवढ्या एका वाक्यात जो विषय उरकला आहे, तो इतका सोपा नाही. वडी म्हणजे घासणाऱ्या बारीक भुकटीला मेण किंवा चरबीत बांधून केलेली कांडी. माझी नोकरी टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याच्या हत्यारे-साचे बनवणाऱ्या विभागात, डाय-पंचांना (पत्रा कापण्या-वाकवण्याच्या साच्यांना) फिनिश देण्यात गेली असल्यामुळे पॉलिशच्या वड्या आणि डायमंड पेस्ट यांच्याशी माझा रोजचा संबंध होता. हल्ली चाकूच्या हौशी मंडळींसाठी म्हणून ऑनलाइन बाजारात जो माल येतो, तो पाहता ग्राहकाने रंगावर विसंबून वडी घेऊ नये आणि विक्रेत्याने रंगापलीकडचे काही सांगितल्याशिवाय ती विकू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. त्याची कारणे मांडण्यासाठी हे पत्र थोडे लांबले, तर क्षमस्व.

प्रथम पट्ट्यावर नेमके काय घडते ते पाहू. दगडावर पाते घासताना धारेच्या अगदी कडेला धातूचा एक अतिपातळ पापुद्रा समोरच्या बाजूला वळतो. कारखान्यात त्याला बर म्हणतात. अंगठ्याचे पेर धारेवर आडवे, पाठीकडून कडेकडे हलके फिरवले, की एका बाजूला तो किंचित अडकतो आणि दुसऱ्या बाजूला बोट सहज घसरते. बर शिल्लक असलेली सुरी पहिल्या दिवशी कागद सुरेख कापते आणि चार कांदे चिरून होताच बोथट वाटू लागते, कारण ती बर दुमडून धारेवरच आडवी पडलेली असते. पट्ट्याचे पहिले काम ही बर उतरवण्याचे आहे, आणि दगडाने पाडलेले ओरखडे बारीक करण्याचे काम त्यानंतरचे. पाते नेहमी पाठीच्या दिशेने ओढायचे असते, धारेच्या दिशेने ढकलायचे नसते. ढकलले तर धार चामड्यात रुतते, आणि चामडे व धार दोन्ही वाया जातात. पूर्वीचे न्हावी वस्तरा पट्ट्यावर आणि कित्येकदा नुसत्या तळहातावर फिरवीत, तेव्हा तिथे कोणतीही पेस्ट नसे. नीट पाजवलेल्या वस्तऱ्याला तेवढे पुरत असे. पेस्ट किंवा वडी लावली, की पट्ट्याचे रूपांतर एका अतिशय बारीक आणि मऊ बैठकीच्या दगडात होते, आणि मग दगड निवडताना जे प्रश्न विचारायचे तेच इथेही विचारावे लागतात: कण कशाचा आहे, किती मोठा आहे आणि तो कोणत्या पोलादावर चालवायचा आहे.

कण कशाचा, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असूनही त्याचे उत्तर पाकिटावर सर्वांत कमी वेळा सापडते. बाजारातील हिरव्या वडीत सामान्यतः क्रोमियम ऑक्साइड असते. हेच द्रव्य रंगाच्या धंद्यात हिरवे रंगद्रव्य म्हणून वापरले जाते, आणि शुद्ध स्वरूपात ते अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचे मिळते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून त्याच्या बारीकपणाचा अंदाज यावा. पण बफिंगसाठी, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर धातू चमकवण्यासाठी, बनणाऱ्या अनेक हिरव्या वड्यांत क्रोमियम ऑक्साइडबरोबर अॅल्युमिनियम ऑक्साइडही मिसळलेले असते, कारण ते जोरात कापते, आणि त्याचे कण कितीतरी मोठे असू शकतात. बफिंगच्या चाकावर पितळेचा नळ चमकवणाऱ्याला त्याने काही बिघडत नाही. चाकूच्या धारेला बिघडते. पांढरी वडी बहुधा अॅल्युमिनियम ऑक्साइडची असते, म्हणजे आपल्या कुरुंदाच्या दगडाचेच शुद्ध रूप. लाल वडी लोह ऑक्साइडची, सोनारांच्या परिचयाची. काळ्या आणि करड्या वड्यांत काय असेल, ते बनवणाऱ्यालाच माहीत. रंग हा कारखानदाराचा संकेत असतो आणि प्रत्येक कारखानदाराचा संकेत वेगळा असतो. डायमंड पेस्टच्या पिचकाऱ्यांचेही तेच: एका कंपनीची पिवळी पेस्ट ज्या मापाची, त्याच मापाची दुसऱ्या कंपनीची पेस्ट निळी असू शकते.

या द्रव्यांच्या कठीणपणातला फरक पोलादाच्या कठीणपणाशेजारी ठेवून पाहिला पाहिजे. घरात असते तशा साध्या स्टेनलेस सुरीचे पोलाद रॉकवेल सी मापाने 54 ते 57 च्या आसपास असते, म्हणजे व्हिकर्स मापात सुमारे 600 (दोन्ही कठीणपणाचीच मापे; आकडा मोठा तितका पदार्थ कठीण). त्यासमोर अॅल्युमिनियम ऑक्साइड सुमारे 2000, सिलिकॉन कार्बाइड सुमारे 2500, क्युबिक बोरॉन नायट्राइड म्हणजे सीबीएन सुमारे 4500 आणि हिरा 7000 हून अधिक. क्रोमियम ऑक्साइड मोहच्या, म्हणजे खनिजांच्या कठीणपणाच्या 1 ते 10 अशा मापपट्टीवर 8 ते 8.5, म्हणजे 9 वर असलेल्या कुरुंदाच्या थोडे खाली. लाल लोह ऑक्साइड त्याच पट्टीवर 5.5 ते 6.5 आहे, म्हणजे पाणी दिलेल्या पोलादाच्या जेमतेम बरोबरीचे. सोन्याचांदीला ते उत्तम, कारण ते धातू मऊ आहेत. सुरीवर मात्र ते फार तर चकाकी आणते, धारेत फरक पाडत नाही. म्हणून ‘अतिशय बारीक पॉलिश’ म्हणून लाल वडी विकत घेणाऱ्या चाकूधारकाने पैसे वाचवावेत आणि पट्टा कोराच ठेवावा.

एवढ्यावरून वाटेल, की मग हिरव्या वडीने सगळ्या सुऱ्यांचे भागते, कारण तिचा कण कोणत्याही पोलादाहून कठीण आहे. इथेच खरी मेख आहे. पोलाद हा एकजिनसी पदार्थ नसतो. त्याच्या पोटात कार्बाइडचे बारीक खडे पसरलेले असतात आणि ते भोवतालच्या पोलादापेक्षा खूप कठीण असतात. साध्या कार्बन पोलादात लोहाचे कार्बाइड असते, ते व्हिकर्स मापात सुमारे 1000. स्टेनलेसमध्ये क्रोमियमचे कार्बाइड 1500 च्या आसपास किंवा त्याहून अधिक. इथपर्यंत हिरवी आणि पांढरी वडी काम करते. पण हल्ली महागड्या चाकूंत जी पावडर पद्धतीने बनवलेली पोलादे येतात, त्यांत व्हॅनेडियम मुद्दाम वाढवलेले असते. उदाहरणार्थ एस30व्ही नावाच्या पोलादामध्ये सुमारे 4 टक्के, तर एस90व्ही मध्ये सुमारे 9 टक्के. व्हॅनेडियमच्या कार्बाइडचा कठीणपणा 2600 ते 2800 पर्यंत जातो, म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइडच्याही वर आणि क्रोमियम ऑक्साइडच्या तर निश्चितच वर. अशा पात्यावर हिरवी वडी चालवली, की भोवतालचे मऊ पोलाद झिजते आणि कार्बाइडचा खडा तसाच उघडा उभा राहतो. आधार गेलेला खडा पुढे कापताना निखळतो आणि धारेत खळगा राहतो. पाते आरशासारखे चमकते, मालक खूश असतो, आणि दोन आठवड्यांनी ‘एवढा महाग चाकू, पण धार टिकत नाही’ अशी तक्रार सुरू होते. अशा पोलादाला खडा आणि भोवतालचे पोलाद एकाच पातळीत कापणारा कण लागतो, आणि तो हिऱ्याचा किंवा सीबीएनचाच असतो. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने प्रयोगशाळेत हिरा बनवल्याचे 1955 साली जाहीर केले, त्यानंतर हिऱ्याची भुकटी हळूहळू कारखान्यातील नेहमीची वस्तू झाली. आज कोणत्याही औद्योगिक पेठेत ती पिचकारीत भरलेल्या पेस्टच्या रूपात मिळते.

याचा उलट अर्थ काढून प्रत्येकाने हिऱ्याचीच पेस्ट आणावी, असेही मी म्हणणार नाही. साध्या कार्बन पोलादावर, म्हणजे ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून घडवलेल्या कोयत्यावर, सुताराच्या जुन्या पटाशीवर, चांभाराच्या रापीवर, हिरा गरजेपेक्षा जास्त आक्रमक ठरतो. कण टोकदार आणि पोलाद तुलनेने मऊ असल्यामुळे खोल व तीक्ष्ण ओरखडे पडतात, आणि त्याच मापाच्या क्रोमियम ऑक्साइडने जी तलम कड मिळते ती हिऱ्याने सहसा मिळत नाही. माझ्या दृष्टीने कार्बन पोलादासाठी शुद्ध, अर्ध्या मायक्रॉनचे क्रोमियम ऑक्साइड हीच आजही पहिली पसंती आहे, आणि ते वडीपेक्षा भुकटीच्या रूपात घेऊन थेंबभर खनिज तेलात कालवून लावणे अधिक खात्रीचे.

आता कणाच्या मापाकडे वळतो, कारण फसवणुकीला सर्वांत जास्त वाव तिथेच आहे. ऑनलाइन जाहिरातींत ‘60,000 मेश’, ‘1,00,000 ग्रिट’ असे आकडे सर्रास दिसतात. मेश म्हणजे चाळणीच्या एका इंचात असलेल्या घरांची संख्या. एक इंच म्हणजे 25,400 मायक्रॉन. त्यात 60,000 घरे बसवायची, तर जाळीच्या तारेसकट एका घराला 0.42 मायक्रॉन जागा मिळेल, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीइतकी. अशी तारेची चाळणी कोणी विणलेली नाही. कारखान्यातील नेहमीची चाळणी 400 मेशला, म्हणजे 38 मायक्रॉनच्या आसपास थांबते. त्याहून बारीक चाळण्या मिळतात, पण एक-दोन मायक्रॉनची भुकटी चाळून कोणी वेगळी करीत नाही. ती द्रवात सोडून, कण तळाला बसण्याच्या वेगावरून वेगळी केली जाते. तेव्हा मायक्रॉनमध्ये माप न देता केवळ मेशचे मोठमोठे आकडे छापणाऱ्या पेस्टचा कण मोजलेला असेलच, असे मानायला काही आधार नाही.

ग्रिटच्या, म्हणजे कणाच्या बारीकपणाच्या नंबराच्या, आकड्यांतही एकवाक्यता नाही. जपानी प्रमाणानुसार 2000 नंबरचा कण 6.7 मायक्रॉनचा असतो. युरोपीय प्रमाणानुसार पॉलिश पेपरवर छापलेला पी2000 हा 10.3 मायक्रॉनचा. आकडा तोच आणि कण दीडपट. जपानी 1000 नंबरचा दगड 11.5 मायक्रॉनचा, 3000 चा 4 मायक्रॉनचा आणि 8000 चा 1.2 मायक्रॉनचा. हे आकडे माहीत असले, की एक साधी गोष्ट लक्षात येते: ज्याने 8000 च्या दगडावर पाते आणले आहे, त्याने त्यानंतर 3 मायक्रॉनची पेस्ट वापरली तर तो पुढे न जाता मागे येतो. आणि ज्याचा शेवटचा दगड 1000 चा आहे, त्याने पाव मायक्रॉनची पेस्ट आणली तर दगडाचे ओरखडे तसेच राहून फक्त कडेचे अगदी टोक गुळगुळीत होते. पेस्टची निवड शेवटच्या दगडावरून सुरू होते, ती अशी. 1000 च्या दगडानंतर 3 किंवा 1 मायक्रॉन, 3000 नंतर 1, आणि 8000 नंतर अर्धा किंवा त्याखाली, हा माझा साधारण हिशेब. मायक्रॉनच्या मापाची शिस्त पेस्टला लावली, की बाकीचा गोंधळ आपोआप ओसरतो.

तरीही हा हिशेब स्वयंपाकघरात आंधळेपणाने लावू नये. टोमॅटोची साल गुळगुळीत आणि आतला गर मऊ असतो. अतिपॉलिश केलेली धार सालीवरून घसरते आणि दाब दिला की टोमॅटो चेपतो. त्याला लागतात दगडाने मागे ठेवलेले सूक्ष्म दाते, जे सालीला प्रथम पकडतात. मिरची, वांगे, पिकलेला आंबा, सालीसकट कापायचे जे काही आहे त्या सर्वांना हाच न्याय. म्हणून घरच्या सुरीला 1000 किंवा फार तर 3000 च्या दगडानंतर पट्ट्यावर प्रत्येक बाजूने आठ-दहा हलके हात मारून थांबावे. तेवढ्याने बर जाते आणि दाते शाबूत राहतात. पन्नास हात मारणाऱ्याच्या पात्यावर चकाकी वाढते, पण दाते जातात, आणि चामडे दबून कडेभोवती वर येत असल्यामुळे कडही गोल होते. याउलट लाकडात कोरीव काम करणाऱ्याची पटाशी सरळ ढकलून चालते, मागे-पुढे ओढून नाही. तिला दातांचा उपयोग नसतो आणि पॉलिश जितके तलम तितका लाकडावरचा काप चमकदार येतो, विशेषतः तंतूंच्या आडव्या छेदावर. दाढीच्या वस्तऱ्याचेही तसेच. घरच्या विळीविषयी तर मी कोणतीही पेस्ट आणू नका असेच सांगेन. बऱ्याचशा विळ्यांचे पाते इतके मऊ असते, की पॉलिश केलेली कड पहिल्याच नारळाच्या वाटीवर वळते. निसण्यावर चार हात आणि वर जाड कापडावर दोन, एवढे तिला पुरते. अडकित्त्याला तर पॉलिशपेक्षा दोन पात्यांची गाठ नीट बसणे अधिक गरजेचे असते.

अगदी मऊ, 52-54 रॉकवेलच्या स्वस्त स्टेनलेस सुऱ्यांबाबतही थोडा निष्ठुरपणा करावा लागेल. अशा सुरीला अर्ध्या मायक्रॉनपर्यंत नेणे म्हणजे भाड्याच्या खोलीत संगमरवर बसवणे. कड झिजण्याआधी दुमडते, त्यामुळे पेस्टने कमावलेला तलमपणा दोन दिवसांत संपतो. तिथे सिरॅमिकची बारीक कांडी वरचेवर फिरवणे हाच खरा उपाय आहे.

पट्टा कशाचा असावा, यावर मोठे वाद ऐकू येतात आणि त्यांतले बरेचसे निरर्थक आहेत. वनस्पतिजन्य कमावणीचे गाईचे किंवा म्हशीचे चामडे, गुळगुळीत बाजू वर ठेवून सपाट फळीला चिकटवलेले, हे पुरेसे चांगले असते. हिऱ्याच्या पेस्टसाठी मी चामड्याऐवजी कडक फेल्ट (दाबून केलेला लोकरी नमदा) किंवा सरळ एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची, सपाट पट्टी पसंत करीन. बैठक जितकी कठीण तितकी कड कमी गोल होते, आणि हिरा इतका जलद कापतो की त्याला मऊ बैठकीच्या लाडाची गरज नसते. एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे: एका पट्टीवर एकाच मापाची पेस्ट. एकदा 3 मायक्रॉनचा कण पट्ट्यात शिरला, की तो धुऊन निघत नाही, आणि त्यावर कितीही बारीक पेस्ट चोळली तरी ओरखडे मोठ्या कणाचेच पडतात. एका मापावरून दुसऱ्या मापावर जाताना पाते साबणाने धुवावे, हात धुवावेत, आणि पट्ट्या वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवाव्यात. आणि ज्यांना पेस्टच्या भानगडीत पडायचेच नाही, त्यांच्यासाठी वर्तमानपत्राचा कागद आहे. दगडावर दोन-तीन घड्या घट्ट गुंडाळून पात्याला त्यावर हलके ओढले, तर दगडानंतर उरलेली बारीक बर सहज जाते. हे लिहिताना आपल्या पत्राचा खप वाढवण्याचा माझा कोणताही हेतू नाही.

गॅरेजमधून व्हॉल्व्ह बसवायची पेस्ट आणून तीच पट्ट्याला लावण्याचा एक प्रघात गावोगावी दिसतो, त्याविषयीही एक शब्द. ती पेस्ट सिलिकॉन कार्बाइडची असते आणि कठीणपणात उत्तम असते, परंतु तिचे कण व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक एकमेकांत घासून बसवण्याच्या हिशेबाने केलेले असतात. तिची ‘बारीक’ बाजूदेखील दगडाने कमावलेली धार पुन्हा खरबरीत करते. चाकूसाठी ती वापरू नये.

घेतलेली वडी खरोखर बारीक आहे की नाही, हे पाहण्याची एक पद्धत घरी करता येते. तिला प्रयोगशाळा लागत नाही, फक्त सबुरी लागते. वडीचा शेंगदाण्याएवढा तुकडा किसून काचेच्या उभ्या बाटलीत टर्पेंटाइनमध्ये टाकावा, झाकण लावून बाटली काही वेळ उन्हात ठेवावी म्हणजे मेणचट भाग विरघळतो, आणि मग जोरात हलवून सपाट जागी ठेवावी. विस्तवाजवळ मात्र हे अजिबात करू नये. कण तळाला बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. क्रोमियम ऑक्साइडची घनता पाण्याच्या पाचपटीहून थोडी अधिक धरून हिशेब केला, तर 10 मायक्रॉनचा कण दहा सेंटिमीटर खाली यायला साधारण दहा मिनिटे घेतो, तर 1 मायक्रॉनचा कण तेवढ्याच अंतराला सोळा-सतरा तास. म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत तळाशी जाड थर बसला आणि वरचा द्रव जवळजवळ नितळ झाला, तर त्या वडीवर ‘अर्धा मायक्रॉन’ लिहिलेले असले तरी संशय घ्यावा. दुसऱ्या दिवशी सकाळीही द्रव गढूळ हिरवा असेल, तर त्यात बारीक कण नक्की आहे. बारीक कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि लवकर बसतात, त्यामुळे केवळ लवकर बसणे हा अंतिम पुरावा नव्हे. म्हणून तळाचा थोडा गाळ काडीने काढून दोन काचांमध्ये दाबून फिरवावा. मोठा कण असेल तर काचेखालून कचकच ऐकू येते आणि सोनाराच्या दहापटी भिंगातून काचेवरचे ओरखडे सरळ दिसतात. गुठळी असेल तर ती चिरडून गुळगुळीत पसरते.

ग्राहकाने बाटल्या हलवीत बसावे, ही अर्थातच आदर्श स्थिती नव्हे, आणि म्हणूनच हे पत्र केवळ लेखाला पुरवणी म्हणून लिहिलेले नाही. वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, 2011 नुसार किरकोळ विक्रीच्या पाकिटावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, वस्तूचे सर्वसाधारण नाव, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, तक्रारीसाठीचा संपर्क अशी माहिती छापणे बंधनकारक आहे. औद्योगिक ग्राहकासाठीच्या मालाला या नियमांतून सूट आहे आणि ते समजण्यासारखे आहे, कारण कारखाना माल घेताना त्याचे तांत्रिक पत्रक मागून घेतो. अडचण मधल्या मालाची आहे. पोत्याने विकली जाणारी बफिंगची वडी तोडून, रंगीत खोक्यात भरून, ‘नाइफ पॉलिशिंग कंपाउंड’ या नावाने घरगुती ग्राहकाला विकली जाते, तेव्हा किंमत आणि वजन छापले जाते, पण आत कोणते अपघर्षक (घासणारे द्रव्य) आहे आणि त्याच्या कणाचे माप काय, हे सांगणारा शब्दही त्यावर नसतो. घासकागदाच्या साध्या तुकड्यामागेही त्याचा नंबर छापलेला असतो. त्याहून कितीतरी महाग विकल्या जाणाऱ्या वडीला तो का नसावा?

याच संदर्भात आणखी दोन गोष्टी. वडीतील कणांना बांधून ठेवणारा पदार्थ बहुधा स्टिअरिक आम्ल, मेण किंवा जनावराची चरबी असतो, आणि स्टिअरिक आम्लही प्राणिजन्य किंवा वनस्पतिजन्य असू शकते. आपल्याकडे स्वयंपाकघरातील सुरी वेगळी ठेवणारी हजारो शाकाहारी घरे आहेत. त्यांना हे कळण्याचा हक्क आहे, आणि वडीच्या वेष्टनावर एक ओळ वाढवण्याला काहीही खर्च येत नाही. ज्यांना चामडे आणि चरबी दोन्ही नको असतील, त्यांच्यासाठी एमडीएफची पट्टी आणि खनिज तेलात कालवलेली भुकटी हा चांगला पर्याय आहे. दुसरी गोष्ट क्रोमियमच्या भीतीची. हिरव्या वडीतील क्रोमियम हे त्रिसंयुजी असते. विषारी आणि कर्करोगकारक म्हणून ज्याची योग्य धास्ती घेतली जाते ते षट्संयुजी क्रोमियम वेगळे. तरीही भुकटी हुंगू नये, कोरडी उडवू नये, आणि पॉलिश केलेली सुरी साबणाच्या पाण्याने धुऊन पुसल्याशिवाय भाजीला लावू नये. नुसत्या कोरड्या फडक्याने मेणचट थर जात नाही. पात्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. तो गोळा होऊन घरंगळला तर मेण शिल्लक आहे, पसरला तर पाते स्वच्छ आहे.

आपल्या पुरवणीच्या संपादकांना माझी विनंती अशी, की यापुढे धार लावण्यासंबंधी मजकूर छापताना वडीच्या रंगाऐवजी कणाचे द्रव्य आणि मायक्रॉनमधले माप द्यावे. आणि वाचकांनी खरेदी करताना विक्रेत्याला हे दोनच प्रश्न लेखी विचारावेत. ऑनलाइन विक्रीच्या पानावर प्रश्न विचारण्याची सोय असते आणि तिथले उत्तर इतर ग्राहकांनाही दिसते. ‘कण कोणता?’ या प्रश्नाला जो विक्रेता ‘हिरवा’ असे उत्तर देईल, त्याच्याकडून वडी घेऊ नये.

आपला विश्वासू,
एक निवृत्त टूलरूम कारागीर,
चिंचवड, पुणे